बर्फाच्या कोंडीचे गणित

थंड प्रदेशातील नद्या बर्फाने कशा तुंबतात, समुद्रात जहाजे कशी अडकतात आणि कोकणाने त्यातून काय घ्यावे?

पाली (ता. रत्नागिरी) - मुंबई-गोवा महामार्ग हातखंब्याला पोहोचतो, तेव्हा रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली वाहनेही त्याच रस्त्यावर येतात. दोन महामार्गांची ही वाहतूक काही किलोमीटर एकत्र धावते आणि पालीच्या तिठ्यावर पुन्हा वेगळी होते. एक रस्ता लांज्याकडे जातो, दुसरा नाणीज, साखरप्यावरून आंबा घाट चढतो. रत्नागिरीची मासळी बर्फात भरून घाटावर नेणारे ट्रकही याच वाटेने जातात. पालीकरांना बर्फ माहीत आहे तो एवढाच. मासळीवर टाकलेला चुरा किंवा सरबताच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी.

कोंडी मात्र पालीकरांना चांगलीच परिचयाची आहे. रस्ता अरुंद झाला, एक ट्रक आडवा थांबला की मागे रांग लागते. पुढचे वाहन हलत नाही म्हणून मागचे थांबते, त्याच्या मागचे आणखी जवळ येऊन उभे राहते आणि रांगेचे शेपूट मागे-मागे सरकत जाते. थंड प्रदेशांतील नद्यांमध्ये हिवाळ्याच्या अखेरीस नेमके हेच घडते. तेथे वाहनांच्या जागी बर्फाच्या लाद्या असतात आणि मागे साचते ते पाणी. काही तासांत ते काठावरच्या गावात शिरते.

या कोंडीचे गणित मांडण्याचा प्रयत्न गेली अनेक दशके अमेरिका, कॅनडा, रशिया, चीन आणि उत्तर युरोपातील अभियंते करीत आहेत. कोकणातील नद्या कधी गोठत नाहीत. तरीही हे गणित कोकणाने समजून घ्यावे असे आहे, कारण त्याची सूत्रे वाशिष्ठीला, सावित्रीला आणि पालीजवळच्या काजळी नदीलाही तितकीच लागू पडतात.

नदी गोठते कशी?

तळ्याचे पाणी वरून गोठते, हे शाळेत शिकविले जाते. वाहत्या नदीचे तसे नाही. प्रवाह पाणी सतत ढवळत असतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत संपूर्ण खोलीतील पाणी शून्य अंशाच्या किंचित खाली जाते आणि त्यात सुईसारखे, चकतीसारखे बारीक हिमकण तयार होतात. अभियंते त्यांना ‘फ्रॅझिल’ म्हणतात. हे कण चिकट असतात. ते एकमेकांना चिकटतात, तळाच्या दगडांना चिकटतात, पाणीपुरवठ्याच्या जाळ्यांवर बसून नळयोजना बंद पाडतात. कणांचे गोळे होतात, गोळ्यांच्या तबकड्या होतात आणि त्या तरंगत पुढे निघतात.

दुसरीकडे, काठालगतच्या संथ पाण्यात बर्फाची कड धरते आणि ती हळूहळू मध्याकडे वाढते. वाहत आलेल्या तबकड्या अशा एखाद्या अरुंद जागी अडतात आणि मागे रचल्या जाऊन नदीवर आच्छादन तयार होते. लडाखमध्ये झंस्कार नदीवर हिवाळ्यात धरणारी ‘चादर’ अनेक मराठी गिर्यारोहकांनी पायाखाली तुडविली आहे. ती याच प्रकारची.

खरा धोका असतो तो हे आच्छादन फुटताना. ऊन हळूहळू वाढले, तर बर्फ जागच्या जागी कुजतो आणि विरघळून जातो. मात्र अचानक उष्मा वाढला, वर पाऊस पडला आणि डोंगरातील हिम वेगाने वितळले, तर नदीला पूर येतो आणि बर्फ अजून कठीण असतानाच पाणी त्याला खालून उचलते. आच्छादन मोडते, लाद्या सुटतात आणि प्रवाहाबरोबर धावू लागतात. पुढे वळण, पुलाचे खांब, बेट, उथळ जागा किंवा अद्याप न फुटलेला बर्फ आला की त्या थांबतात. कोंडीची सुरुवात येथे होते.

उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांना हा त्रास अधिक असतो. त्यांचा वरचा भाग दक्षिणेकडे, म्हणजे तुलनेने उबदार प्रदेशात असतो. तेथील बर्फ आधी फुटून खाली येतो आणि खालची नदी अजून घट्ट गोठलेली असते. सायबेरियातील लीना आणि चीनमधील पीत नदीचा अंतर्गत मंगोलियातून जाणारा भाग ही त्याची ठळक उदाहरणे. मे २००१ मध्ये लीना नदीकाठचे लेन्स्क हे शहर अशाच कोंडीमुळे बुडाले. ती फोडण्यासाठी रशियाने विमानांतून बॉम्ब टाकले. चीननेही पीत नदीवर हा उपाय वेळोवेळी केला आहे.

धान्याची कमान

कोंडी होण्यासाठी लादी पुलाच्या दोन खांबांमधील अंतरापेक्षा मोठी असावी लागते, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे लागत नाही. गिरणीत धान्य ओतण्याच्या तोंडाशी तांदूळ अडकतो, तेव्हा प्रत्येक दाणा भोकापेक्षा कितीतरी लहान असतो. तरीही चार-सहा दाणे एकमेकांना टेकून कमान करतात. वरच्या दाण्यांचे वजन ती कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ढकलते. वजन वाढले की कमान आणखी घट्ट होते, आणि गिरणीवाला बाजूने एक थाप मारतो तेव्हाच धान्य मोकळे होते.

बर्फाच्या लाद्याही अशीच कमान करतात. प्रयोगांत असे दिसून आले आहे, की गुळगुळीत गोल दाण्यांच्या बाबतीत तोंड दाण्याच्या पाच-सहा पटींहून रुंद असेल, तर कोंडी होण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. बर्फाच्या लाद्या खडबडीत, सपाट आणि वेगवेगळ्या आकारांच्या असतात, त्यात थंडीने त्या एकमेकींना चिकटतात. त्यामुळे रुंद नदीतही कमान धरते.

त्यानंतर मागून येणाऱ्या लाद्यांचे काय होते, हे पाण्याच्या वेगावर ठरते. प्रवाह संथ असेल, तर लाद्या फरशीसारख्या एकमेकींशेजारी बसत जातात. वेग वाढला, साधारण सेकंदाला अर्ध्या ते पाऊण मीटरच्या पुढे गेला, की लादीचे पुढचे टोक खाली खेचले जाते, ती उलटते आणि आच्छादनाच्या पोटाखाली जाते. आच्छादन जाड होऊ लागते. शिवाय खालून घासत जाणारे पाणी आणि उतारावरील बर्फाचे स्वतःचे वजन सबंध रांगेला पुढे दाबत असतात. दाब सहन झाला नाही की रांग मोडून स्वतःवरच कोसळते आणि आणखी जाड होते. जाडी वाढली की ती अधिक दाब पेलू शकते. दाब आणि ताकद यांचा मेळ बसेपर्यंत हे चालते.

या समतोलाचे समीकरण पॅरिसे, हाउसेर आणि गान्यों या तीन अभियंत्यांनी कॅनडातील नद्यांच्या अभ्यासातून १९६६ मध्ये मांडले. आज वापरात असलेल्या बहुतेक नदी-प्रारूपांचा पाया तेच समीकरण आहे.

पाणी किती चढते?

बर्फ तरंगतो. त्याची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलोग्रॅम असते, त्यामुळे त्याचा सुमारे ९२ टक्के भाग पाण्याखाली राहतो. परंतु पाणी चढते ते केवळ बर्फाने जागा अडविल्यामुळे नव्हे. मोकळ्या नदीत पाण्याला घर्षण होते ते तळाशी आणि काठांशी. वर हवा असते आणि ती प्रवाहाला फारसा विरोध करीत नाही. नदीवर बर्फ बसला की पाण्याला वरूनही घर्षण सुरू होते. नदी जणू बंद नळीतून वाहू लागते.

एक साधे उदाहरण घेता येईल. रुंद नदीत मोकळ्या स्थितीत ३ मीटर खोल पाणी वाहत आहे. वर बर्फाचे आच्छादन आले आणि त्याचा खालचा भाग नदीच्या तळाइतकाच खडबडीत आहे, असे मानू. तेवढेच पाणी वाहून जाण्यासाठी आता प्रवाहाची खोली सुमारे ३२ टक्क्यांनी वाढावी लागते, म्हणजे जवळपास ४ मीटर व्हावी लागते. आच्छादनाऐवजी २ मीटर जाडीची कोंडी असेल, तर तिचा पाण्याखालील भाग १.८४ मीटर. दोन्हींची बेरीज ५.८ मीटर होते. वरून एक थेंबही जास्त पाणी न येता नदीची पातळी जवळजवळ दुप्पट होते.

प्रत्यक्षात कोंडीचा खालचा भाग तळापेक्षाही खडबडीत असतो, कारण तिरक्या, उभ्या लाद्यांची टोके खाली आलेली असतात. म्हणूनच बर्फाच्या कोंडीने येणारा पूर हा पाण्याच्या प्रमाणावरून ओळखता येत नाही. वरच्या धरणातून किती विसर्ग सुरू आहे, एवढे पाहून बसणारा अधिकारी येथे फसतो.

गणिती प्रारूप म्हणजे काय?

संगणकावरील प्रारूपात नदीचे लहान-लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्याचा आडवा छेद, म्हणजे तळाचा आकार आणि काठांची उंची, प्रत्यक्ष मोजणीतून घेतली जाते. मग प्रत्येक तुकड्यासाठी तीन हिशेब मांडले जातात. पहिला पाण्याचा: जितके आले, तितके गेले किंवा साठले. दुसरा बळाचा: उतार पाण्याला ओढतो, घर्षण त्याला अडविते. तिसरा बर्फाचा: किती आला, किती थांबला, किती वितळला.

अडचण अशी, की हे हिशेब एकमेकांत गुंतलेले असतात. बर्फाची जाडी ठरवायची तर पाण्याची पातळी आणि वेग माहीत हवा, आणि पातळी ठरवायची तर जाडी माहीत हवी. म्हणून संगणक आधी एक अंदाज धरतो, त्यावरून दुसरी राशी काढतो, तिच्यावरून पहिली सुधारतो आणि दोन्ही जुळेपर्यंत हे चक्र फिरवीत राहतो. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचे ‘हेक-रास’ हे जगभर वापरले जाणारे पूर-प्रारूप बर्फाचे आच्छादन आणि कोंडी यांचा हिशेब करू शकते. कॅनडात ‘रिव्हआइस’, तर न्यूयॉर्क राज्यातील क्लार्कसन विद्यापीठात हंग ताओ शेन यांच्या गटाने घडविलेले ‘डायनाराइस’ वापरले जाते. शेवटच्या प्रारूपात बर्फाचे असंख्य ठिपके मानून त्यांची हालचाल दोन मितींत पाहिली जाते.

संगणकापूर्वी, आणि आजही त्याच्या जोडीला, प्रत्यक्ष लहान प्रतिकृती बांधल्या जातात. अशा कामाची परंपरा महाराष्ट्रातही आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ मध्ये झाली. नद्या, धरणे, बंदरे यांच्या प्रतिकृतींत पाणी सोडून तेथे अभ्यास केला जातो. प्रतिकृतीत लांबी शंभरपट लहान केली, तर वेळ दहापट लहान होते. नदीतील एक तास तेथे सहा मिनिटांत पाहता येतो. थंड देशांतील प्रयोगशाळांत अशाच प्रतिकृतींत बर्फाऐवजी पॉलिथिनचे तुकडे सोडतात, कारण त्यांची घनता बर्फाच्या अगदी जवळ असते. बर्फाची ठिसूळता मात्र प्लास्टिकमध्ये येत नाही.

अंदाज आणि आगाऊ सूचना

कॅनडातील फोर्ट मॅकमरी शहरात एप्रिल २०२० च्या अखेरीस घडलेली घटना या विषयातील अलीकडचा मोठा धडा आहे. शहर अथाबास्का आणि क्लिअरवॉटर या नद्यांच्या संगमावर वसले आहे. उत्तरेकडे वाहणाऱ्या अथाबास्कात सुमारे २५ किलोमीटर लांबीची कोंडी झाली. तिचे पाणी मागे फिरून क्लिअरवॉटरमध्ये चढले आणि शहराचा मध्यभाग बुडाला. एका नदीच्या कोंडीने दुसऱ्या नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले. करोनाच्या टाळेबंदीच्या दिवसांत सुमारे १३ हजार लोकांना घरे सोडावी लागली.

पाणी किती चढू शकेल, हे प्रारूपे बऱ्यापैकी सांगू शकतात. कोंडी कोणत्या जागी आणि कोणत्या तासाला होईल, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. एक लादी कोणत्या कोनात खांबाला अडेल, यावर पुढचे सारे अवलंबून असते. त्यामुळे अनेक ठिकाणी एकच उत्तर देण्याऐवजी प्रारूप शेकडो वेळा, थोड्याथोड्या वेगळ्या गृहीतकांनी चालविले जाते आणि काठावरच्या गावात पाणी शिरण्याची शक्यता किती, एवढे सांगितले जाते.

कोंडी सुटतानाचा धोका वेगळाच. मागे साठलेले पाणी एकदम सुटते आणि लाटेसारखे खाली धावते. हे गणित धरणफुटीच्या गणिताशी मिळतेजुळते आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटल्यानंतर अशा लाटेला खालच्या वाडीपर्यंत पोहोचण्यास किती थोडा वेळ लागतो, हे जिल्ह्याने पाहिले आहे.

काही ठिकाणी कोंडी टाळण्यासाठी बांधकामे केली जातात. अमेरिका-कॅनडा सीमेवरील नायगारा येथे २७ जानेवारी १९३८ रोजी बर्फाच्या दाबाने एक मोठा पोलादी पूल कोसळला होता. १९६४ पासून ईरी सरोवराच्या मुखाशी दर हिवाळ्यात सुमारे २.७ किलोमीटर लांबीची तरंगती साखळी बांधली जाते. सरोवरातील बर्फ तिच्यामागे थांबतो, तेथे कमान धरतो आणि नदीत कमी उतरतो. कोंडी कोठे व्हावी, हे माणसाने ठरविण्याचा हा प्रयत्न म्हणावा लागेल.

समुद्रातील बर्फ आणि गोव्याचे केंद्र

पालीवरून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग गोव्याला पोहोचतो. तेथे वास्को द गामा येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राकडे भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची जबाबदारी आहे. भारताची पहिली मोहीमही गोव्यातूनच निघाली होती. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचे पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ या जहाजातून रवाना झाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. औंधच्या पंत घराण्यातील आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले स्थानक उभे राहिले. ते समुद्रावर पुढे आलेल्या बर्फाच्या जाड थरावर बांधले होते. वर्षानुवर्षे हिम साचून ते गाडले गेले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. त्यानंतरची ‘मैत्री’ (१९८९) आणि ‘भारती’ (२०१२) ही स्थानके खडकावर आहेत. मात्र दोन्हींना लागणारे इंधन, धान्य आणि यंत्रे समुद्रमार्गे न्यावी लागतात आणि वाटेत गोठलेला समुद्र आडवा येतो.

समुद्रातील बर्फाचे गणित नदीपेक्षा वेगळे असते. तेथे काठ दूर असतात आणि मुख्य बळ वाऱ्याचे. नॉर्वेचे फ्रिड्यॉफ नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेतले आणि बर्फाबरोबर वाहू दिले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, असे त्यांच्या लक्षात आले. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे घडते. दक्षिण गोलार्धात बर्फ डावीकडे वळतो. वेगाचा ढोबळ नियम असा, की बर्फ वाऱ्याच्या सुमारे २ टक्के वेगाने वाहतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दिवसभर वाहिला, तर बर्फ सुमारे १७ किलोमीटर सरकतो.

हा नियम बर्फ विरळ असेल तोवरच चालतो. दाट झाल्यावर लाद्या एकमेकींना ढकलतात. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम हिबलर यांनी १९७९ मध्ये या अंतर्गत दाबाचे जे प्रारूप मांडले, तेच सुधारित स्वरूपात आजच्या अनेक हवामान-प्रारूपांत वापरले जाते. त्यांच्या सूत्रानुसार, समुद्र पूर्ण बर्फाने झाकलेला असताना बर्फाची जी ताकद असते, ती केवळ १० टक्के पाणी मोकळे झाले की सातव्या हिश्श्यापर्यंत उतरते. २० टक्के पाणी मोकळे झाले तर ती पन्नासाव्या हिश्श्याच्याही खाली जाते. यात्रेच्या गर्दीत थोडी जागा मिळाली की माणसे हलू शकतात, तसाच हा प्रकार आहे. जहाजाच्या कप्तानाला म्हणूनच बर्फाच्या जाडीइतकीच मोकळ्या पाण्याच्या टक्केवारीची माहिती हवी असते.

डिसेंबर २०१३ मध्ये रशियाचे ‘अकाडेमिक शोकाल्स्की’ हे जहाज पूर्व अंटार्क्टिकाजवळ अडकले. मदतीला गेलेल्या चीनच्या ‘श्वे लाँग’ या बर्फफोड्या जहाजावरील हेलिकॉप्टरने २ जानेवारी २०१४ रोजी ५२ प्रवाशांना बाहेर काढले. नंतर तेही जहाज अडकले. काही दिवसांनी वारा फिरला, बर्फात फटी पडल्या आणि दोन्ही जहाजे स्वतःहून बाहेर आली. त्याआधी जून २००२ मध्ये भारताच्या ‘मैत्री’ शेजारच्या रशियन स्थानकाहून परतणारे ‘माग्दालेना ओल्डेनडोर्फ’ हे जहाज १०७ जणांसह बर्फात सापडले होते. दक्षिण आफ्रिकेच्या जहाजावरील हेलिकॉप्टरांनी त्यांतील बहुतेकांची सुटका केली.

अशा प्रसंगी आकाशातील डोळे उपयोगी पडतात. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राने अंटार्क्टिका मोहिमांच्या जहाजांसाठी उपग्रहांच्या आधारे बर्फाविषयी सूचना दिल्या आहेत. ध्रुवावरची सहा महिन्यांची रात्र आणि ढग यांतूनही रडार पाहू शकते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला भारत आणि अमेरिकेचा ‘निसार’ हा रडार-उपग्रह हिमाच्छादित प्रदेशांची हालचाल टिपण्याच्याही उद्देशाने बनविला आहे.

बर्फाची हालचाल किती दूर नेऊ शकते, याचा एक जुना दाखला २०२२ मध्ये पुन्हा समोर आला. अर्नेस्ट शॅकलटन यांचे ‘एन्ड्युरन्स’ जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात अडकले, महिनोन्‌महिने बर्फाबरोबर वाहत गेले आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी बुडाले. ५ मार्च २०२२ रोजी ते ३,००८ मीटर खोलीवर सापडले. शोधपथकाच्या जहाजालाही त्या बर्फातून वाट काढताना उपग्रहचित्रे आणि बर्फ-प्रवाहाचे अंदाज यांवरच विसंबावे लागले.

हिमालयात काय घडते?

भारतात या विषयाचा सर्वांत कठोर धडा हिमालयाने दिला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडमधील चमोली जिल्ह्यात रोंती शिखराच्या कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला. त्यात खडक सुमारे ८० टक्के आणि बर्फ २० टक्के होता. कोसळताना निर्माण झालेल्या उष्णतेने जवळजवळ सगळा बर्फ वितळला आणि कोरड्या हिवाळ्यात, पाऊस नसताना ऋषिगंगा आणि धौलीगंगा नद्यांना चिखलाचा पूर आला. दोन जलविद्युत प्रकल्प त्यात सापडले. दोनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुसंख्य प्रकल्पांवर काम करणारे मजूर होते.

नंतर शास्त्रज्ञांनी संगणकावर हा लोंढा पुन्हा उभा केला आणि तो किती वेळात कोठे पोहोचला, हे ताडून पाहिले. वरच्या बाजूस हालचाल टिपणारी यंत्रे आणि खाली इशारा देणारे भोंगे असते, तर तपोवनसारख्या खालच्या जागी काही मिनिटे तरी हाताशी आली असती, हे त्यातून स्पष्ट होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमतलाव फुटून चुंगथांगचे तिस्ता-३ धरण वाहून गेले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

कोकणासाठी धडा

कोकणात बर्फाची जागा दोन गोष्टी घेतात. वरून वाहत येणारे ओंडके, झाडे आणि कचरा, तसेच तळाशी साचणारा गाळ. ओंडके लाद्यांप्रमाणेच तरंगतात, पुलाच्या खांबांना अडतात आणि एकमेकांत गुंतून जाळी तयार करतात. गाळ खालून नदीचा छेद कमी करतो. बर्फ छत खाली आणतो, गाळ जमीन वर उचलतो. पाण्याच्या दृष्टीने परिणाम एकच, जाण्यास जागा कमी. त्यातच कोकणातील नद्यांना खाडीची भरती खालून अडविते. लीना नदीला खालचा न फुटलेला बर्फ अडवितो, त्यासारखेच हे आहे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा महामार्गावरील जुन्या पुलाचा भागही खचला. त्यानंतर नदीतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या होत्या. पालीच्या जवळून जाणाऱ्या काजळी नदीला पूर आला की चांदेराईची बाजारपेठ पाण्याखाली जाते आणि तेथील दुकानदारांना माल माळ्यावर चढवावा लागतो.

राज्यात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखली जाते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यासाठी नदीचे आडवे छेद घेऊन पाण्याच्या उंचीचे गणित केले जाते. बर्फाच्या कोंडीचा अभ्यास येथे एक महत्त्वाचा प्रश्न विचारावयास शिकवितो. गणित करताना पुलाखालची जागा पूर्ण मोकळी धरली होती काय? छेद घेतल्यानंतर किती गाळ साचला? ३ मीटरची नदी पाणी न वाढता ५.८ मीटर होऊ शकते, तर ओंडक्यांनी निम्मा तुंबलेला पूल लाल रेषेच्या बाहेरच्या घरातही पाणी नेऊ शकतो.

त्यावरचे उपाय फार खर्चिक नाहीत. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ठरलेल्या जागी नदीचे छेद मोजणे. पुलांच्या खांबांवर पातळीच्या खुणा ठळक ठेवणे. पहिल्या मोठ्या पावसापूर्वी काठावरचे तोडलेले लाकूड हलविणे. पुलाच्या वरच्या आणि खालच्या बाजूची पातळी एकाच वेळी पाहणे. दोन्हींतील फरक वाढू लागला, तर पुलाशी कोंडी होत आहे, हे समजण्यास संगणकही लागत नाही. थंड देशांतील नदीकाठची माणसे हिवाळ्याच्या अखेरीस रात्री-बेरात्री हेच पाहण्यासाठी पुलावर उभी राहतात.

प्रारूप कितीही चांगले असले, तरी त्याला मोजलेले आकडे द्यावे लागतात आणि त्याने दिलेले उत्तर वेळेत माणसांपर्यंत पोहोचवावे लागते. फोर्ट मॅकमरीत १३ हजार माणसे बाहेर पडू शकली, कारण त्यांना निघण्यास सांगणारे कोणीतरी जागे होते. चमोलीत बोगद्यात काम करणाऱ्या मजुरांपर्यंत तो निरोप पोहोचला नाही. पालीच्या तिठ्यावर पावसाळी रात्री थांबलेल्या ट्रकचालकाला पुढचा पूल सुरू आहे की बंद, हे कळण्याची गरजही त्याच जातीची आहे.